अकरावी दुरुस्ती

१

मी पूजा कधी चुकविली नाही. ज्या वर्षीची ही हकिकत आहे त्या १९८६ सालीही अनगोळच्या घरात मी एकटाच राहत असे, आणि एकट्या माणसाला पूजेपुरता वेळ नेहमीच असतो. स्नान, गंध, समई, दुधाचा नैवेद्य, मग वीस मिनिटे नामस्मरण. नाम आणि नामी हे दोन नव्हेत, नाम घेतले की ज्याचे ते नाव तो येऊन उभा राहतो, हे मी लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलो होतो. त्या वर्षापर्यंत ते नुसते ऐकलेलेच होते.

सात वाजता दाराला कडी घालून मी शहापूरच्या प्रसूतिगृहाकडे चालू लागे. तेथे मी सतरा वर्षे नोंदी लिहिल्या. आमचे विश्वस्त अप्पासाहेब यांना नव्याची हौस मोठी. त्यांनी कपाटाएवढा एक संगणक आणविला आणि मला सहा महिने बेंगळुरूला धाडून तो शिकविला. त्याला चार टर्मिनल होते. पहिला माझ्या खोलीत, दुसरा बालकक्षात, तिसरा दवाखान्याच्या खिडकीशी. चौथा जादा होता. तो अडगळीच्या खोलीत कापडाखाली ठेवला होता आणि त्याची तार यंत्राला कधी जोडलीच नव्हती.

नोंदी सांभाळणाऱ्या त्या आज्ञावलीत फटी राहून गेल्या होत्या. ज्याला अधिकार नाही असा माणूस त्यांतून आत शिरून नोंदी बदलू शके. एकेक फट ध्यानात येई तशी बेंगळुरूची कंपनी टपालाने दुरुस्ती पाठवी: वर क्रमांक, खाली दोन-तीन छापील पाने. त्या ओळी मी हाताने यंत्रात उतरवून फट बुजवीत असे.

पाचव्या दुरुस्तीबरोबर आलेल्या पत्रात म्हटले होते की, प्रत्येकाने आपला प्रवेशशब्द बदलावा. कोणालाही सहज सुचेल असा शब्द नसावा. आमच्याकडे प्रत्येकाने आपापल्या कुलदैवताचे नाव घातले होते. कामाला हात घालण्यापूर्वी देवाचे नाव घ्यायचे, ही येथील रीतच. पण त्यामुळे कोणाचाही शब्द कोणालाही ठाऊक होता.

बालकक्षाच्या रुक्माबाईंनी कमरेवर हात ठेवले. "यल्लम्माचं नाव काडून काय घालू, अण्णा? मोरीचं?"

"कोणाला ठाऊक नाही असे काहीही घाला, आक्का."

"ह्या गावात कुणाला ठावं न्हाय असं हाय तरी काय?"

शिपाई मष्णू दारातून म्हणाला, "आक्कांचं खरं वय घाला. ते कुणालाच ठावं न्हाय."

माझ्याजवळ मात्र असा एक शब्द होता. सात वर्षांपूर्वी आम्हाला मुलगी झाली, याच प्रसूतिगृहात. बाराव्या दिवशी बारसे ठरले होते. आमच्याकडे नाव आधी बाळाच्या कानात सांगतात, मग जगाला. तोवर ते उच्चारायचे नाही. मी नाव योजून ठेवले होते, पत्नीलाही सांगितले नव्हते. नवव्या दिवशी पहाटे मुलगी गेली. पुढे अंजनी बेळगुंदीला माहेरी गेली ती तिकडेच राहिली. भांडण झाले नव्हते. एकमेकांकडे पाहणे आम्हाला जमेनासे झाले होते, इतकेच.

ते नाव मी इंग्रजी अक्षरांत यंत्राला दिले. रोज सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी ते टंकित करीत असे. ते येथेही लिहीत नाही.

२

यंत्रात कोण केव्हा शिरले याची एक ओळ छापील पट्टीवर उमटे. रोज सकाळी ती पट्टी वाचणे हे माझे पहिले काम.

जुलैच्या एका मंगळवारी त्यात एक ओळ जास्त होती. आदला दिवस, दुपारी दोन वाजून दहा मिनिटे, माझ्या नावाने प्रवेश, टर्मिनल चार.

मला भीती वाटली नाही. घड्याळ चुकले असेल, आकडा चुकला असेल. दुपारी मी डबा खाऊन खुर्चीत डोळे मिटतो, तेव्हा झोपेत मीच काही कळा दाबल्या असतील. तरीही अडगळीची खोली उघडून पाहिली. मोडक्या खाटा, सलाइनचे उभे दांडे, एक वेताचे स्टूल, आणि मेजावर कापडाखाली चौथा टर्मिनल. त्याची तार भिंतीशी वेटोळे करून पडली होती. तारेच्या टोकावर धूळ होती. कळफलकावर नव्हती.

"मष्णू, येथे कोणी येते काय?"

"किल्ली तुमच्या जानव्याला बांधल्याली, अण्णा. मी काय भिंतीतनं येतोय व्हय?"

बुधवारी तीच ओळ आली, गुरुवारीही. दोन वाजून दहा मिनिटे. त्या वेळी बाहेरची खिडकी बंद असते, बाळंतिणी निजलेल्या असतात, आणि सगळ्या इमारतीत पंख्यांवाचून काही हलत नाही.

सातवी दुरुस्ती टपालाने येऊन पडली होती. दुरुस्तीला येणाऱ्या माणसांसाठी कंपनीने एक गुप्त दार ठेवले होते, ते तिने बंद होई. आठवीने, कोरा प्रवेशशब्द देऊन दोनदा कळ दाबली असता आत जाता येई, ती फट बुजे. दोन्ही मी शुक्रवारी सकाळी चढविल्या, आणि समाधानाने डबा उघडला.

शनिवारी पट्टीवर ती ओळ होती. जो कोणी येत होता तो फटीतून येत नव्हता. तो शब्द सांगून, दारातून येत होता.

३

आत येऊन तो काय करतो, हे शोधायला मला रविवार लागला.

बालकांच्या नोंदींत एक नोंद अधिक होती. आईचे नाव कोरे, खाट क्रमांक कोरा. मुलगी. जन्म नोव्हेंबर १९७९. त्यापुढे वजनांचा रकाना. सोमवारचे वजन दोन किलो शंभर ग्रॅम.

माझ्या मुलीचे शेवटचे वजन दोन किलो शंभर होते. आठव्या दिवशी येथे दाखवायला आणली तेव्हा वहीत मीच लिहिले होते. ती वही यंत्रात कधी चढविलीच नव्हती. जुन्या वह्या पेटीत बंद होत्या.

मंगळवारचे वजन दोन किलो दोनशे ऐंशी. बुधवारचे दोन किलो पाचशे दहा. शनिवारी ते तीन किलो दोनशेपर्यंत आले होते.

कोणी तरी माझी क्रूर थट्टा करीत आहे, असे मी स्वतःला सांगितले. कोणी वही पाहिली असेल. पण वही पाहणाऱ्याला नाव कसे सापडावे? ते कागदावर कधी उतरलेच नव्हते. माझ्या तोंडून ते हवेतही गेले नव्हते.

मी ती नोंद खोडली नाही. खोडण्याची आज्ञा टंकित करून ठेवली, आणि शेवटची कळ दाबण्यासाठी उचललेले बोट तसेच मागे घेतले.

४

सोमवारी सकाळी रुक्माबाई माझ्या खोलीत आल्या. त्या एरव्ही तेथे येत नसत. वातानुकूलनाने त्यांचे गुडघे दुखत.

"अण्णा, तुमचं मशीन लई शाणं असंल, पर ते वजनं खोटी दाखवतंय. न्हायतर माझा काटा तरी गेलाय."

"काय झाले?"

"पोरं वाढंनात. पैल्या पाच दिवसांत घटतंय, हे मला तुमच्या आधीपासनं ठावं हाय. पर ही दहा दहा दिसांची पोरं. दूध पित्यात, रडत्यात, आणि रोज हलकी हुत्यात."

आम्ही दोघे बालकक्षात गेलो. मष्णूने शेजारच्या वाण्याकडून लोखंडी किलो आणला. काट्यावर तो बरोबर एक किलो भरला. मग रुक्माबाईंनी सुलाबाईची मुलगी पारड्यात ठेवली. सुलाबाई ही वडगावच्या विणकराची बायको. अकरा वर्षांनी तिची कूस उजवली होती. मुलगी दोन किलो तीनशेची जन्मली होती. काटा एक किलो नऊशेवर थांबला.

सुलाबाई खाटेवरूनच म्हणाली, "आक्का, माझं दूध पातळ हाय का वो?"

"दूध बेस हाय गं. काटाच आळशी हाय. तू झोप बघू."

बाहेर येताच रुक्माबाईंचा चेहरा पडला. "आज उद्या दोन दिस. त्यापुढं मी न्हाय सांगू शकत."

मी खोलीत जाऊन कागद घेतला. कक्षात नऊ बालके होती. सोमवार ते मंगळवार ती सर्व मिळून एकशे ऐंशी ग्रॅम घटली होती. मंगळवार ते बुधवार दोनशे तीस. मी प्रत्येक दिवस दोनदा मांडला आणि त्या अधिकच्या नोंदीतल्या वजनांशी ताडून पाहिला.

एका ग्रॅमचाही फरक नव्हता.

५

अप्पासाहेबांना मी सगळे सांगितले नाही. कोणी तरी आत शिरून नोंदी बदलत आहे, इतकेच सांगितले.

ते म्हणाले, "भावकू, औषधाची मात्रा डॉक्टर वजन बघून देतात. उद्या संध्याकाळपर्यंत तुझं दार बंद झालं पाहिजे. नाही तर यंत्र बंद, आणि पुन्हा वह्या."

"यंत्र बंद करून थांबेल काय, ते पाहावे लागेल."

"म्हणजे रं काय?"

"काही नाही, साहेब."

मंगळवारी दुपारी दोन वाजता मी अडगळीच्या खोलीत जाऊन बसलो. दार आतून लावले. झरोक्यातून पांढरा उजेड येत होता. धूळ दिसण्याइतका स्वच्छ. मनात नाम चालू होते. पहिली काही मिनिटे पंख्याचा आवाज ऐकू येत होता, मग तो ऐकू येतो की नाही हे सांगता येईना.

दोन वाजून दहा मिनिटांनी कापडाखाली हिरवा उजेड पडला.

वेताच्या स्टुलाची बैठक किंचित खाली गेली. तीन-चार किलोंच्या भाराने जावी तेवढीच. मग कळांचा आवाज येऊ लागला. एक कळ, बराच वेळ काही नाही, मग दुसरी. नुकती अक्षरे ओळखू लागलेल्या माणसाने चाचपडत दाबाव्यात तशा. मी मोजल्या. नावात जितकी अक्षरे, तितक्याच.

कापड उचलण्याइतका मी जवळ होतो. हात उचललाही. त्याच क्षणी बालकक्षातून एक मूल रडू लागले, आणि ते रडणे भिंतीपलीकडे हळूहळू बारीक होत गेले, जसे कोणी त्याला उचलून लांब नेत असावे. हिरवा उजेड विझला. बैठक वर आली. ते मूल अजूनही तेथेच, आपल्या खाटेवर होते, हे मला ठाऊक होते.

६

नाम घेतले की नामी येतो. दिवसातून तीनदा, कित्येक महिने, मी ते नाव बोटांनी जपत होतो. बोलावले मीच होते. जी आली तिच्या अंगावर मांस नव्हते, ते ती जेथे मिळेल तेथून घेत होती. यात तिचा दोष मला त्या दिवशी दिसला नाही, आजही दिसत नाही.

हा सगळा माझ्या एकटेपणाचा भ्रम असेल, असेही मी स्वतःशी मांडून पाहिले. पण भ्रम असेल तर शब्द बदलल्याने कोणाचे काही जाणार नव्हते. आणि भ्रम नसेल तर सुलाबाईची मुलगी एक किलो आठशे दहा भरली होती.

चार वाजता मी प्रवेशशब्द बदलायला बसलो. नवा शब्द काय असावा याचा फार विचार केला. देवाचे नाव नको, माणसाचे नको, वस्तूचेही नको. ज्याला कोणी ओ देणार नाही असे काही हवे होते. डोळे मिटून बारा कळा दाबल्या आणि जे उमटले ते पाठ केले. त्या अक्षरांना अर्थ नव्हता.

यंत्राने रीतीप्रमाणे जुना शब्द एकदा विचारला. मी तो शेवटचा टंकित केला. सात वर्षांपूर्वी खड्ड्यावर माती लोटताना हात इतके जड झाले नव्हते.

बुधवारी सकाळी रुक्माबाईंनी दारातूनच सांगितले, "वाढली, अण्णा. वीस ग्राम का हुईना, वाढली. काट्याला कुणी तरी दम दिला बघा."

नऊही बालके वाढली होती. पंधरा दिवसांनी सुलाबाई मुलीला घेऊन वडगावला घरी गेली. जाताना तिने माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागे घेतले.

७

पट्टीवरची ओळ मात्र थांबली नव्हती. दोन वाजून दहा मिनिटे, टर्मिनल चार, प्रवेश नाकारला. आणि त्यापुढे, जो शब्द देऊन पाहिला तो शब्द.

यंत्राची ती आणखी एक फट होती. चुकलेला शब्द ते जसाच्या तसा पट्टीवर छापी; कोणाचे बोट एका अक्षराने घसरले तरी पट्टी वाचणाऱ्याला खरा शब्द कळू शके. याची दुरुस्ती आली होती. क्रमांक अकरा. पाने माझ्या मेजावर होती, आणि मी ती दुसऱ्या दिवशी चढविणार होतो.

पहिल्या दिवशी ते नावच होते. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी इंग्रजी अक्षरांत लिहिले होते: गप. चौथ्या दिवशी: दूध. मग: झोप. मग: अंजनी. मग: कोरडं. मग: काटा.

हे शब्द कोठून येतात, ते मला आठव्या दिवशी उमगले. नऊ दिवसांच्या आयुष्यात तिच्या कानांवर जे पडले होते तेवढेच तिच्यापाशी होते. तेच ती एकेक करून दाराला लावून पाहत होती.

अकरावी दुरुस्ती मी चढविली नाही. बेंगळुरूहून विचारणेचे पत्र आले, तेव्हा चढविली असे कळविले. माझ्या नोकरीतले ते एकमेव खोटे.

एका दिवशी विठ्ठलाचे नाव आले. सोयरातही मी पूजा सोडली नव्हती, आणि घरी आणल्यापासून रोज त्या वेळी ती पाटाशेजारी दुपट्यात निजलेली असे. त्या दिवशी मी पट्टीवर डोके टेकविले.

मग शब्द संपले. ओळ येई, शब्दाच्या जागी काही नसे. नुसती कळ दाबलेली. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी, पावणेदोन वाजता, मी अडगळीच्या खोलीत जाऊन स्टुलाकडे पाहत एक शब्द उच्चारला. चाफा.

दुसऱ्या दिवशी पट्टीवर चाफा होता.

८

दोन वर्षे मी तिला रोज एक शब्द दिला. पाऊस, माग, धोटा, गूळ, चिमणी, लोंढ्याची गाडी. सणाच्या दिवशी गोडाच्या पदार्थाचे नाव देई. मष्णू माझ्याकडे पाहून डोके हलवी.

"अण्णा, खाटांसंगं बोलताय का काय?"

"पाठांतर करतो."

"करा करा. त्या तरी ऐकत्यात. आमचं घरात कोण ऐकतंय?"

बेळगुंदीला मी एकदाच गेलो. अंजनीच्या समोर बसून तासभर चहाच्या रिकाम्या कपाकडे पाहिले. मुलीविषयी सांगावे असे फार वाटले. पण नाव सांगितले असते तर तीही ते जपत बसली असती, आणि तिच्या शेजारच्या घरात पाळणा होता. मी उठलो. ती म्हणाली, "बरे दिसताय." मी म्हटले, "होय."

शब्द निवडताना मी जपत असे. ज्यात मागणे आहे असा शब्द कधी दिला नाही. 'ये' नाही, 'घे' नाही, 'आई' नाही, 'दार' नाही. वस्तूंची नावे दिली, झाडांची, पाखरांची. शब्द किती झाले तरी ती अर्थहीन बारा अक्षरे त्यांत यायची नव्हती. म्हणून मी निर्धास्त होतो. संध्याकाळी घरी जाताना उद्याचा शब्द ठरवीत चालणे, हे त्या वर्षांतले माझे सुख होते.

१९८८ च्या सप्टेंबरात, एका गुरुवारी, मी 'कवडी' हा शब्द देऊन आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी वाचायला घेतली. दोन वाजून दहा मिनिटे, टर्मिनल चार, प्रवेश नाकारला. शब्द कवडी नव्हता.

उघड.

हा मी दिला नव्हता. नऊ दिवसांत कोणी तिच्याजवळ उच्चारला असेल, तर तो पहिल्या महिन्यातच आला असता. मी ती ओळ पुन्हा वाचली. खाली आणखी एक ओळ होती, दोन वाजून अकरा मिनिटांची. तिच्यातही तोच शब्द. मग दोन वाजून बारा मिनिटांची.

बालकक्षात त्या दिवशी चौदा मुले होती. भिंतीपलीकडून रुक्माबाई कोणाला तरी रागे भरत होत्या, पोरे रडत होती, भरल्या अंगाने, जोरात. माझी बोटे कळफलकावर होती. त्या बारा अक्षरांपैकी पहिली चार उमटलेलीही होती. कोणासाठी ती टंकित करीत होतो, याचे उत्तर आजही मी देवापुढे देऊ शकत नाही.

ती चार अक्षरे मी खोडली. खणातून अकराव्या दुरुस्तीची पाने काढली. कागद पिवळा पडू लागला होता. दीड वाजेपर्यंत मी सर्व ओळी उतरविल्या, दोनदा ताडून पाहिल्या, आणि यंत्र पुन्हा चालू केले.

त्या दुपारी मी अडगळीच्या खोलीत गेलो नाही.

यंत्र आणखी तीन वर्षे चालले. रोज सकाळी पूजा आटोपून मी येई आणि पट्टी वाची. दोन वाजून दहा मिनिटे, टर्मिनल चार, प्रवेश नाकारला. पुढची जागा कोरी. ती काही तरी म्हणत असे. काय म्हणत असे, ते मला कळत नसे.